आबांचे दोन तास

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरी चहाला येणार नाही.

गावात माझं नाव चांगलं आहे. सासऱ्यांना — आबांना — लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला, तेव्हा केजहून अंबाजोगाईच्या दवाखान्यात मीच नेत होते. दुर्बिणीतून गाठ काढली, पोटावर एक टाका नाही. ती परत येऊ नये म्हणून दर आठवड्याला नळीनं पिशवीत औषध सोडायचं. मग दोन तास लघवी धरून, कूस बदलत पडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं — दोन तास, जास्त नाही. आबांना मोतीबिंदूमुळे घड्याळ दिसत नाही. वेळ मी बघायची.

आता मागचं सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा आबांनी संडास बांधला होता — घरी येणाऱ्या पुढाऱ्यांसाठी. किल्ली त्यांच्या करदोड्याला. बायकांनी पहाटे जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मला सातवा महिना होता. भर दुपारी सोसेना, म्हणून किल्ली मागितली. ओसरी माणसांनी भरलेली. आबा म्हणाले, "म्हशीलाबी कळतंय कवा जायाचं. हिला न्हाई." सगळे हसले. नवराही. दिवस मावळेपर्यंत मी धरून बसले.

तर — पहिल्याच डोसला आबांनी विचारलं, "झाला का गं टाइम?"

झाला होता. मी म्हटलं, "न्हाई आबा. अजून लई हाय."

चुकून? मोबाइल हातात होता माझ्या. ते घामाघूम, चादर मुठीत आवळलेली — आणि मी? मी शेंगदाणे खात होते. शेवटी अंथरूण भिजलं. आबांनी हात जोडले. "माफ कर पोरी, धरवलं न्हाई मला." मी चादर बदलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही. त्यांना आत आग व्हायची, लघवीतून रक्त यायचं. डॉक्टरांनी विचारलं, दोन तास झाले की लघवीला जाऊ देता ना? मी हो म्हटलं.

तपासणीत पिशवी स्वच्छ निघाली. आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या मनात आधी आलं — आता डोस बंद. आबा मात्र ओसरीवर सांगत सुटले, "ल्योक न्हाई, सून कामाला आली."

मग डॉक्टर म्हणाले, खबरदारी म्हणून आणखी काही डोस द्यावे लागतील. नवरा म्हणाला, या वेळी मी नेतो, तू दमलीस.

मी म्हटलं, तुम्हाला जमायचं नाही.

मीच नेणार आहे.