भिंतीपलीकडचा कॉर्डलेस

माघार हा शब्द ज्याला कुणी शिकवलाच नाही असा एकच माणूस मी अख्ख्या सुरतेत पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. उधना भागात आमच्या वरच्या मजल्यावरचे हे सर मूळचे जळगावकडचे, इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात सगळी वस्ती ओरडून बोले. सर मात्र आवाज चढवणं कमीपणाचं मानत. तेच वाक्य हळू आवाजात दहादा म्हणत. "कधीतरी पोचेलच," हा त्यांचा खाक्या. त्यांचं "अर्धा लिटर" दूधवाल्यापर्यंत पोचेतो दूध नासायची वेळ येई.

त्यांचं वायरलेस यंत्रही त्यांच्याच वळणाचं. क्षणभराचे बारीक ठोके असंख्य फ्रिक्वेन्सींवर पातळ पसरून पाठवायचे, जोर कुठेच लावायचा नाही. पण नव्वदच्या दशकात घरोघरी कॉर्डलेस फोन आले, आणि कॉलेजच्या भिंतीपलीकडचा साड्यांचा शेठ त्यावर बोलू लागला, की त्याच्या एका फ्रिक्वेन्सीखाली सरांचे सगळे ठोके गडप! विभागप्रमुख म्हणाले, "जोर वाढवा, नाहीतर हा नाद सोडा." सर म्हणाले, "भातात खडा लागला म्हणून पातेलं ओतून देता का? खडा तेवढा काढायचा." आणि शेठची तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारी सर्किटं दोन वर्षं जोडत आणि जाळत बसले.

शेवटी कॉलेजची समिती आली. ठोके दिसले नाहीत तर प्रयोगाची खोली काढून घेणार, हे ठरलेलं. मला सरांनी साक्षीदार म्हणून ओढून नेलं होतं. यंत्राच्या पडद्यावर ठोके लख्ख उमटले, प्रमुखांनी अभिनंदनाला हात पुढे केला, आणि सरांच्या कपाळाला आठी पडली. इतका स्वच्छ पडदा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ते खिडकीशी गेले. पलीकडून शेठ कौतुकानं म्हणाला, "फोन बंध राख्यो छे, सर! आजे तमारी परीक्षा छे ने!"

मी मनात म्हटलं, सर, आता तरी गप्प बसा. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी आवाज चढवला. "चालू करो, शेठ! आप चुप बैठे तब मैं सुनाई दिया, इसमें मेरा क्या?"

फोन चालू झाला. ठोके थरथरले आणि बुडाले. खोली गेली.

सरांनी यंत्र घरी आणलं आणि सर्किटं जोडणं-जाळणं चालूच ठेवलं. शेठला इतकी रुखरुख लागली, की दर रविवारी तो फोन बेससकट आणून आमच्या घरच्या लाइनला जोडे, जिन्याच्या तोंडाशी बसे आणि मुद्दाम तासभर बडबडे. असाच एक रविवार. सरांनी मला वरून हाक मारली, अर्थात हळूच; कितव्या हाकेला ऐकू आली कोण जाणे. धावत वर गेलो. खाली शेठची टकळी रंगात आली होती, आणि पडद्यावर सगळे ठोके जागच्या जागी उभे. समिती नव्हती, प्रमुख नव्हते. सर नुसते डोळे पुसत होते.

आता ते गावी परतले. वर नवे भाडेकरू आलेत, त्यांचं सगळं बोलणं खालपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. तरी लूम सुरू झाले, की मी उगाच जिन्याकडे कान लावून थांबतो.