खांबावरची आक्का

माझ्या घराची पहिली भिंत मी पाडायला लावली. भिंत लातूरला होती आणि मी मस्कतला, दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा पीत बसलेली. भाऊ फोनवर काम दाखवत होता आणि मला भिंतीचा कोपरा बाहेर झुकलेला दिसला. मिस्त्री म्हणाला, प्लास्टरमध्ये निघून जाईल. मी म्हणाले, "पाड." भाऊ म्हणाला, "आक्का, मानसं जेवायला बसलीत, दुपारून बगू." मी म्हणाले, "आत्ता. मला घण चालताना दिसला पाहिजे." माणसं भाकरी फडक्यात गुंडाळून उठली. घण चालला, विटा फुटल्या, धुरळ्यात भाऊ खोकत उभा राहिला. मला फार बरं वाटलं, हे कशाला लपवू.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. मला तर दुरूनच सगळं वाकडं दिसायचं.

राग आमच्या घरात पिढीजात. बाबा आडत बाजारात हमाल होते आणि पोत्याचा राग आमच्यावर काढायचे. आई लवकर गेली. भाऊ माझ्याहून बराच लहान, त्याला मी वाढवलं आणि बडवलंही. पाढे चुकले की कानाखाली, शाळा बुडवली की पाठीत. त्यानं कधी उलटून हात उचलला नाही. मी नर्स झाले, परदेशी गेले, लग्न केलं नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. त्यातलं एक तरी करायचं, असं मी ठरवलं होतं.

घराचं वेड मला एका भाड्याच्या खोलीनं लावलं. मी शाळेत होते तेव्हा आम्ही लातुरातच एका गल्लीत राहायचो. बाबांनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि मालकाला आम्ही कोण ते कळलं. तो दुसऱ्या दिवशी आला आणि काही न बोलता आमची भांडी रस्त्यावर फेकू लागला. बाबा मध्ये पडले, तर त्यानं त्यांना उंबऱ्यावरून ढकललं. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत. त्यानं माझे केस धरून मला भांड्यांत नेऊन टाकलं. तेव्हापासून मला असं छप्पर हवं होतं, ज्याखालून मला कुणाचा बाप हाकलू शकणार नाही.

म्हणून प्लॉट घेतला आणि भावाला उभं केलं. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद करायला लावलं. "तुला पगार देते, साईटवर बस," म्हणाले. तो बसला. बायकोला घेऊन प्लॉटसमोरच भाड्यानं राहायला आला.

त्यानंच मला कॅमेऱ्याची अक्कल दिली, नंतर पस्तावला असेल. लोखंडी खांबावर बसवायचा कॅमेरा, त्यालाच भोंगा. मस्कतमध्ये मी फोनवरचं बटण दाबून बोलले की लातुरात खांब बोलायचा. देवणीकडचा मिस्त्री बिचारा पहिल्या दिवशी शिडीवरून पडता पडता वाचला. "विटा भिजवल्या का? तोंडं काय बघता?" असं मी ड्युटीच्या मधल्या सुट्टीत ओरडायचे. माणसं मला खांबावरची आक्का म्हणू लागली. एकानं थापी फेकून मारली, ती कॅमेऱ्याला न लागता भावाच्या पाठीला लागली. त्या माणसाला मी त्याच दिवशी कामावरून काढायला लावलं.

वाळू नांदेडहून यायची, गोदावरीची. एक गाडी आली, तिच्यात मातीच जास्त. मी भावाला सांगितलं, उतरू द्यायची नाही. ड्रायव्हर म्हणाला, एवढ्या लांबून आणली, आता उतरणारच. भाऊ गाडीच्या फाळक्यासमोर आडवा उभा राहिला. ड्रायव्हरनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. समोरचा दात गेला. भावानं तोंडाला रुमाल लावून फोन केला, तर मी विचारलं, "वाळू परत गेली ना?"

"गेली," तो म्हणाला.

स्लॅब भर उन्हाळ्यात टाकला. मिस्त्री सांगत होता, पावसाळा लागू द्या, पाणी कुठून आणता. गल्लीत नळ आठवडा उलटला तरी यायचा नाही. आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. पण माझी सुट्टी पावसाळ्याच्या तोंडाशी होती आणि मला त्या सुट्टीत घरात पाऊल टाकायचं होतं. टँकर लावले आणि कॅमेऱ्याचा खांब वर स्लॅबवर चढवला.

नव्या स्लॅबवर पाणी कसं राखतात, हे ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहीत असतं. सिमेंटमातीचे छोटे बांध घालून आळी करतात, शेतातल्या वाफ्यांसारखी, आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. काँक्रीट तडकू नये म्हणून ते सुकू द्यायचं नसतं. शेजारच्या गच्च्यांवर रिकामे हंडे ओळीनं मांडलेले आणि मधोमध माझं छप्पर पाण्यानं चमकतंय, हे मला कॅमेऱ्यात स्पष्ट दिसायचं. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडायचं.

शेजारी एक मावशी राहायची. सख्खी नव्हे, गल्लीची मावशी. भावाच्या बायकोला दिवस गेले होते, तेव्हा हिनं तिला डोहाळ्याचं करून घातलं होतं. एका संध्याकाळी मला कॅमेऱ्यात दिसलं, मावशी आमच्या जिन्यानं वर आली आणि भाऊ तिची कळशी आळ्यातल्या पाण्यानं भरून देतोय. भांडी घासायला, धुण्याला. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "मावशे, ते स्लॅबचं पाणी हाय. ठिव खाली." मावशीनं खांबाकडे पाहिलं, कळशी तिथंच उपडी केली आणि निघून गेली. भाऊ मान खाली घालून ओल्या जागेकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच वर आली. पुढं मावशीचा मुलगा, ऑटो चालवणारा, उंचापुरा. त्याच्या दोन्ही हातांत प्लास्टिकचे कॅन. मागं हंडे, बादल्या, तांबे घेतलेल्या बायका. भाऊ एकटा. त्याच्या हातात फावडं होतं, बांध नीट करत होता.

मी तेव्हा वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात होते. मी ओरडू लागले. खाली उतरा, पोलीस बोलावते, एकेकाला आत घालते. या कॅमेऱ्याची एक खोड आहे. आपण बोलायचं बटण दाबून धरलं की तिकडचं काही ऐकू येत नाही. मी बटण सोडलंच नाही. मावशीचा मुलगा भावाच्या अगदी तोंडाजवळ येऊन काहीतरी बोलत होता, ते मला नुसतं दिसत होतं. भाऊ मागं सरत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी म्हणाले, "हाण त्याला. बघत काय राहिलास? हाण."

फावडं वर गेलं आणि आडवं आलं. मावशीच्या मुलाच्या जबड्यावर बसलं. तो आळ्यात तोंडावर पडला, पाणी उडालं. भावानं दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा मावशीनं मागून येऊन पितळी कळशी त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर आला. मग सगळेच तुटून पडले. कुणी हंड्यानं, कुणी सळईच्या तुकड्यानं. सळईचा वार चुकवायला त्यानं हात वर केला आणि तो हात कोपराखाली वाकला, जिथं हात वाकत नसतो. मी नर्स आहे, मला मस्कतमधूनही कळलं की दोन्ही हाडं गेली.

माझं ओरडणं चालूच होतं. शेवटी एका बाईनं खांबाकडे बोट दाखवलं आणि कुणीतरी पहार घेऊन माझ्याकडे आलं. त्याचा चेहरा मोठा होत होत सगळ्या फोनभर झाला आणि चित्र बंद पडलं.

बांध सगळे फुटले, हे मला नंतर कळलं. पाणी जिन्यावरून रस्त्यावर गेलं. कुणाच्याच हंड्यात पडलं नाही.

मी मिळेल त्या विमानानं आले. मावशीचा मुलगा जगला. जबडा तारांनी बांधला, एका कानानं ऐकू येईना. भावाच्या डोक्याला टाके, हाताला पट्ट्या आणि स्क्रू. दोघं एकाच सरकारी दवाखान्यात, एकाच मजल्यावर. मी टाके तपासले, औषधं वाचली, नर्सबाईंशी भांडले, आणि या सगळ्यात भावाला, तू का हाणलंस, हा एक प्रश्न विचारायचं टाळलं. ठाण्यात त्याला विचारलं, तुला हाण कोण म्हणालं? सगळी गल्ली सांगत होती, खांब म्हणाला. भावानं सांगितलं, "कोनी न्हाई साहेब. भोंगा बंद व्हता." त्याला अटक झाली, मग जामीन. गल्लीत पाय ठेवायचा नाही, अशी अट. तो बायकोच्या माहेरी, उमरीला राहायला गेला.

मी अर्धवट घरासमोर त्याच्याच भाड्याच्या खोलीत राहिले. गल्लीत मला कुणी शिवी दिली नाही. मी दिसले की दारं लागायची, शिव्यांपेक्षा ते वाईट. एक दिवस मावशी स्वतः आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुज्या भावावर माझा राग न्हाई," ती म्हणाली. "त्यो कळशी भरून देनारा पोरगा हाय. तू समद्या गल्लीसमोर म्हन, मी हाण म्हणले. मग माझं लेकरू कोर्टात सांगंल, मला काय याद न्हाई."

वकील म्हणाला, असं झालं तर केस ढिली पडेल, भाऊ सुटेल. मात्र तुमचं नाव उघड झालं की पोलीस तुम्हालाही सोडणार नाहीत, पासपोर्ट अडकेल, नोकरी जाईल. मी दोन दिवस भिंतींवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. स्वतःच्या कानाखाली स्वतः मारून घेतली, आरशासमोर, आणि ठरवलं, सांगायचं. जाऊ दे नोकरी. त्या पोरानं माझ्यासाठी दात दिला, हात दिला. त्याला तुरुंगात कशी घालू?

हे सांगायला मी उमरीला गेले. माझ्यापेक्षा आनंदी माणूस त्या एसटीत नसेल. भाऊ सासऱ्याच्या अंगणात शेंगा फोडत बसला होता, चांगल्या हातानं. दुसरा हात मांडीवर, जरा वाकडा जोडलेला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मावशीचं, वकिलाचं, पासपोर्टचं. "उद्या मी गल्लीत उभी राहून सांगते," म्हणाले. "तू सुटलास."

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

"तू कामून सांगतीस?"

"मी हाण म्हणाले म्हणून तू हाणलंस ना."

"तू काय म्हणलीस ते मला ऐकूच आलं न्हाई, आक्का." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू रोजच वरडत व्हतीस. मी ऐकणं सोडून लई दिवस झाले."

"मग?"

"त्यो म्हणला, बहिणीचं कुत्रं. म्हणला, तुझ्या बहिणीनं घर बांधायच्या आधी कुत्रं बांधलं." त्यानं मान वर केली. "म्हणून हाणलं. दुसऱ्यांदा बी मीच हाणलं. मला बरं वाटलं."

मी म्हणाले, वेडेपणा करू नकोस, तुरुंगात जाशील. मी म्हणाले, माझं ऐक. मी त्याला काय काय म्हणाले ते आता आठवत नाही, पण आवाज चढत गेला. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"कोर्टात मी सांगनार हाय, मी हाणलं," तो म्हणाला. "घर तुजं, पैसा तुजा, वाळू परत धाडली ती तुज्या जिवावर. तेवढं एक माझं हाय. ते तू नको घिऊ."

माझा हात उठला. लहानपणापासून उठत आला होता तसाच, त्याच्या गालाच्या दिशेनं. त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट पकडलं. मी जोर लावला. त्यानं सोडलं नाही. मी दुसऱ्या हातानं त्याच्या छातीवर मारलं, दोनदा, तीनदा, तरी त्यानं सोडलं नाही. माझा दम गेला, मी रडायला लागले, तरी पकड तशीच. कोंबड्या शेंगांच्या ढिगात शिरल्या, त्यांना हाकलायलाही कुणी आलं नाही.

"आता बस खाली," तो म्हणाला.

मी बसले.