व्हरांड्यात सांगितलेलं मरण

दुपारची जेवणं झाली की मी जरा पाठ टेकते आणि उशाशी फोनवर बारीक आवाजात कीर्तन लावते. आजही लावलंय. बुवा पूर्वरंगात आहेत, देह नाशवंत आहे म्हणून समजावतायत, पेटी मागून गोड साथ देतेय. एरवी एवढ्यावर माझा डोळा लागतो. आज लागत नाही. पोटात संताप पेटलाय.

सांगते कशाचा. माझी वेणू सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे. अजून शिकतेय, पण अख्खा वॉर्ड सांभाळते. परवा तिच्या वॉर्डात छबूबाई नावाची बाई गेली. बाईच्या धाकट्या मुलानं सगळ्यांदेखत वेणूच्या कानाखाली वाजवली. "खोटारडी" म्हणाला. चष्मा फुटला. मोठे डॉक्टर काय म्हणाले? "होतं असं, मनावर घेऊ नकोस." पोर आहे त्या कपड्यांनिशी एसटीत बसून घरी आली आणि म्हणाली, "आई, झालं माझं. मी परत जाणार नाही." तेव्हापासून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलीय. जीव जाळून शिकली ती काय हे खायला?

फोनमधली झांज मोठी होते. मी देवळात आहे.

आमचंच राममंदिर, बायकांची बाजू, माझी खांबाजवळची जागा. खांब तेवढा आज बारीक झालाय, लोखंडी आहे, आणि वर त्याला सलाइनची बाटली टांगलीय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पेटीवाला भाता ओढतोय, पण सूर येत नाही. नुसता श्वास येतो. आत, बाहेर. आत, बाहेर.

"सरका की वाईच," शेजारून कुणीतरी म्हणतं.

म्हातारी आहे, कपाळावर गोंदण, पदर कानामागं खोचलेला. तिला मी कधी पाहिलेलं नाही. तरी ओळखते.

"छबूबाई ना तुम्ही?"

"व्हय."

"मग इथं कशाला बसता? तिकडं बसा. तुमच्या पोरानं माझ्या लेकीला मारलंय."

"ठावं हाय. म्हणूनच आले."

"देवळात आहे म्हणून गप्प बसते, नाहीतर…"

"नाहीतर काय करशीला? मेल्याली हाय मी." ती तोंडाला पदर लावून खुदखुदते.

मलाही हसू येतं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग येतो. "बाईमाणसावर हात उचलतो? हे वळण लावलंत?"

"चुकलंच त्याचं. वर आला की कान पिळते का न्हाई बघा. पर ताई, मला एक सांगा. तुमची लेक खोटं बोलली का न्हाई?"

"माझी वेणू खोटं बोलत नाही."

"मग या हिकडं."

देवळाच्या पायरीवरून उतरतो तो थेट व्हरांड्यात. फिनाइलचा वास येतोय. दारात चपलांचा ढीग तसाच आहे, देवळाबाहेर असतो तसा. वेणू पाठमोरी उभी आहे, पांढऱ्या कोटात, आणि तिच्यापुढं टोपी काढून हातात धरलेला एक माणूस.

"ह्यो माजा थोरला जावई," छबूबाई कानात सांगते. "आइका."

वेणू आवाज खाली करून बोलतेय. "मूत्रपिंडं पार बंद पडलीत. आता आमच्या हातात काही राहिलं नाही. फार तर दोन-चार दिवस. मन घट्ट करा. आणि पेशंटसमोर यातलं काही बोलू नका."

जावई मान हलवतो, टोपी डोक्यावर घालतो आणि भिंतीतून निघून जातो.

"सांगितलं की तिनं!" मी म्हणते. "लपवलं कुठं?"

"मला?" छबूबाई विचारते.

आणि आम्ही आत आहोत. कीर्तनातल्या बायका ज्या ओळीत बसल्या होत्या त्याच ओळीत आता खाटांवर पडून आहेत. एका खाटेवर छबूबाई आहे, माझ्या शेजारीही छबूबाई आहे. पायाशी एक तरणा पोरगा मोसंबं सोलत बसलाय. वेणू हसत येते, हातातला कागद वाचते, म्हातारीच्या खांद्यावर थोपटते. "आजी, आज छान आहे हं. दोन-चार दिवसांत घरी जायचं." पोरगा इतका खूश होतो की मोसंब्याची फोड तो वेणूपुढंच धरतो.

"ह्यो दिगू, माजा धाकटा. ह्येनं एवढंच आइकलं. जावई-पाव्हण्यानं त्याला काय सांगितलं न्हाई, पोरगं हळवं हाय म्हणून. मग मी गेले. आता सांगा, ती खोटारडी म्हणायची का कोण?"

मी आवाज चढवते. "अहो, पण आजारी माणसापुढं अभद्र बोलू नये! तशी रीतच आहे."

"अभद्र?" ती अशी ओरडते की खाटांवरच्या सगळ्या बायका माना वळवतात. "मरण माजं, आन् आइकायचं पाव्हण्यानं? तुमचा बुवा रोज सांगतो, देह जानार, देह जानार. तुम्ही माना डोलावता, टाळ्या वाजवता, आन् घरी जाऊन आमटी-भात जेवता. मी खरीच निघाले, तर माज्या खाटंजवळ कुनी ब्र काढंना! जो यायचा त्यो तोंड गोड करून यायचा. मी काय बारकं पोर होते? पोरं जल्माला घातली, नवरा पोचिवला. मला माजं मरण सोसलं नसतं व्हय?"

बुवा कुठंतरी लांब थांबलेत. श्वास तेवढा चालूय.

"कळलं असतं तर काय केलं असतंत?" मी विचारते. माझा आवाज आता बारीक झालाय.

"दिगूला मांडीशी घेतला असता. म्हणले असते, ल्येका, मी चालले, रड आता. माज्या म्होरं रड." ती पोराकडं बघते. तो अजून सोलतोच आहे, साल संपतच नाही. "त्याचं रडायचं ऱ्हाऊन ग्येलं, ताई. त्येच हातात आलं."

मग ती माझ्याकडं वळते. "तुमची लेक डाक्टर कशापायी झाली?"

हे मला माहीत आहे. फ्रॉकातली वेणू कीर्तनात कधी शेवटपर्यंत बसायची नाही. बायकांच्या ओळीतून हळूच फिरायची आणि एकेका म्हातारीपुढं उकिडवी बसून विचारायची, आजी, तुमचं कुठं दुखतं? बुवा डोळे वटारायचे. बायका तिला सोडायच्या नाहीत. सुनेला सांगितलं नाही ते तिला सांगायच्या.

"मग मला का न्हाई इचारलं?" छबूबाई म्हणते. "समदं कागदाला इचारत हुती. ह्ये कुनी शिकिवलं तिला?"

कुणी शिकवलं! माझा संताप काही कमी होत नाही, फक्त तोंड फिरवतो. आता तो त्या व्हरांड्याकडं बघतोय, जिथं कुणीतरी वेणूला उभं राहायला शिकवलं. तिलाच काय, साऱ्यांनाच.

छबूबाई हाताच्या पाठीवरून काहीतरी नखानं सोलतेय. "लई चिकटलंय बगा मेलं. जाताना ह्ये न्यायचं न्हाई मला." ती माझी मूठ उघडते, परत मिटवते. तिचा हात गार नाही. घरातल्या बाईचा असतो तसाच आहे, खरखरीत.

"आई, ऊठ. चहा."

वेणू आहे. ऊन भिंतीवरून खाली आलंय. फोनवरचं कीर्तन केव्हाच संपलंय.

मी उठून बसते. कप हातात घेत नाही. "वेणू, त्या बाई वाचणार नाहीत हे तू कुणाला सांगितलंस?"

"जावयांना. बाहेर बोलावून." ती खाटेच्या कडेला टेकते. "सगळे असंच सांगतात गं. पहिल्या दिवसापासून हेच बघतोय आम्ही."

"आणि त्यांना?"

ती कप माझ्या उशाशी ठेवते. गालावरचा वळ आता पिवळा पडत चाललाय.

"आजींनी विचारलं होतं मला," ती म्हणते. "मनगट धरून. 'पोरी, खरं काय ते सांग.' मी म्हटलं, काही नाही आजी, घरी जायचंय. हात सोडवून घेतला आणि पुढच्या खाटेपाशी गेले."

ती एकदम ताठ होते.

"आई, वॉर्डात खिडकीपाशी एक बाई आहे. कापड दुकानात काम करायची. तिच्या भावाला मी मंगळवारी बाहेर नेऊन सांगितलंय." ती उभी राहते. "तिला अजून कुणी सांगितलं नसेल. कुणी सांगणारच नाही. एसटी किती वाजता आहे गं?"

"पाचची मिळेल," मी म्हणते.

ती आत जाते. कपाट उघडल्याचा आवाज येतो, मग नळाचा. मी चहाला हात पुढं करते तेव्हा कळतं की माझी मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडते. तळहातावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे, सलाइनची सुई धरून ठेवतात ना, तसला. त्याला दोन बारीक पिकले केस चिकटलेत. मी तो दुसऱ्या हातानं काढते, तर तो त्या हाताच्या बोटाला चिकटतो.