गोल काढणार नाही

सकाळपासून लिहायचं टाळत होतो. स्विच आणायला वर्ध्याला निघालो आणि ओळखीच्या ट्रकात बसून थेट कारंज्याला पोचलो. स्विच तिथं मिळाला, बाकी जाऊ द्या.

देवळीत ताईच्या माडीवर मी विजेवर चालणारी खेळण्यातली छोटी रेल्वे मांडली आहे; एका रुळात प्लस, दुसऱ्यात मायनस. गाडी गोल वळसा घालून, तोंड फिरवून त्याच रुळावर परत येते. तिथं प्लसचा रूळ मायनसला भिडतो आणि गाडी ठप्प.

भाऊजी म्हणाले, "गोल काढून टाक न बे. आज नाई चालली तर या खोलीत सोयाबीन ठेवतो."

"काऊन काढू? मले रिव्हर्स येनारी गाडी नाई पाह्यजे."

"आयटीआय सोडलं अन् मले शिकवून राह्यला."

रागानं ते बाहेर गेले. मी गोलाच्या दोन्ही टोकांना रूळ कापले आणि गोलाला वेगळ्या स्विचवरून करंट दिला. गाडी गोलात असताना बाकीच्या रुळाचे प्लस-मायनस उलटे केले. गाडी न थांबता बाहेर आली.

अडलं म्हणून सगळंच उपटायचं का? तुम्हीच सांगा.

थांबा, भाऊजी आलेत. गोल काढायला सोबत आयटीआयच्या सरांनाच घेऊन आलेत, ज्यांच्या वर्गातून मी पळालो होतो. येऊ द्या वर. गाडी चालूच आहे.