जयदेवच्या नावाची नोंद

जयदेव म्हात्रे फार चांगला माणूस होता, असं हल्ली आमच्या कंपनीत ऊठसूट कोणीही म्हणतं. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जयदेव वारलेला नाही. बदलापूरला शिरगावात धडधाकट आहे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला नोकरीवरून काढलं, एवढंच झालंय.

आमची कंपनी अंबरनाथला, रंगाची रसायनं बनवते. मी लॅबच्या नोंदी बघतो. जयदेव लागला वायरमन म्हणून. पुढे कॉम्प्युटर स्वतःच शिकला आणि सर्व्हर त्याच्या गळ्यात पडला. पदवी नाही, हाताखाली कोणी नाही. घरची शेती केव्हाच बिल्डरकडे गेलेली, त्यामुळे म्हातारी आई आणि ही नोकरी, एवढाच त्याचा संसार.

तीन वर्षांपूर्वी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत कोणीतरी एक ओळ बदलली आणि दोन दिवस एकाही ड्रमला लेबल निघालं नाही. विचारलं तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. तेव्हा जयदेवने गिट नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. कुठल्या फाइलीत काय बदललं, कधी बदललं, कोणी बदललं, ते सगळं त्यात राहतं आणि बिघडलं तर मागचं परत आणता येतं. नियम एकच. बदल केला की आपलं नाव घालून एक ओळ लिहायची. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

लिहिलं कोणीच नाही. मालकांचे जावई पुष्करशेठ उल्हासनगरला कॅम्प नंबर एकच्या ऑफिसात बसून सर्व्हरमध्ये हात घालायचे. पासवर्ड सगळ्यांचा एकच होता. जयदेवने वेगवेगळे मागितले तेव्हा मालक म्हणाले होते, "घरातल्या घरात कुलपं कशाला?" मग रोज सकाळी जयदेव यायचा, नोंद न झालेले बदल बघायचा आणि स्वतःच्या नावाने नोंदवून टाकायचा. ओळ ठरलेली असायची, 'किरकोळ बदल'.

मी एकदा म्हटलं, "ज्याने केलं त्याचं नाव टाक ना. तुझं कशाला?"

"जाऊ दे नाथाभाऊ. जावयाचं नाव लिहून वाकडेपणा कशाला घ्यायचा? नोंद झाली म्हणजे झालं."

आमच्याकडे हे असंच. जावयाने ताटात उष्टं टाकलं तरी पोट भरलं असेल म्हणायचं. मालकाचा जावई म्हणजे तर अख्ख्या कंपनीचा जावई. जयदेवने यंत्र नवं आणलं, पण मुरवत जुनीच ठेवली.

मागच्या जानेवारीत दुपारी लॅबचं काम रखडायला लागलं. मी पुष्करशेठना फोन केला. ते म्हणाले, "चार बजे बॅकअप चलता है ना, त्याचीच कटकट आहे. थांबा, बंद करतो." पाच मिनिटांत सगळं सुरळीत. मी थँक्यू म्हटलं आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी जयदेवला त्याच्या आईला, कमळाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. घाईत त्याने आदल्या दिवशीचे बदल न वाचताच एका फटक्यात नोंदवले. किरकोळ बदल.

मे महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप बघितला तर जानेवारीतला. चार महिन्यांचे लॅबचे रिपोर्ट गेले आणि परदेशी गिऱ्हाइकाने माल घ्यायचा थांबवला. मालकांनी चौकशीला बाहेरून अभिजीत नावाचा माणूस आणला. त्या दिवशी जयदेव जवळजवळ खुशीत होता. "आता कळेल सगळं. याच्यासाठीच तर बसवलंय," असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने स्क्रीन उघडली. बॅकअप बंद केल्याची नोंद लगेच सापडली. तारीख, वेळ आणि पुढे नाव, जयदेव म्हात्रे.

"साहेब, मी फक्त नोंदवलं. बदल दुसऱ्याने केलाय."

"कोणी?" अभिजीतने विचारलं.

जयदेवला खरंच माहीत नव्हतं. अंदाज होता, पण नुसत्या अंदाजाने कोणाचं नाव घेणारा तो नव्हता. पुष्करशेठ मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, "काका, रेकॉर्ड तो झूठ नहीं बोलता. तुम्हीच सांगायचात ना?"

मला माहीत होतं. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, मूग गिळून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण फाशी बघत बसणाऱ्याला काय म्हणतात ते मला कोणी शिकवलं नाही. लाज वाटते. तिचा जयदेवला काडीचा उपयोग नाही.

त्याच्या जागी भाविका आली. कामसू मुलगी, प्रत्येक बदल न चुकता नोंदवते. परवा तिने मला बोलावलं. "काका, बघा ना, नोंद मी करते आणि नाव जुन्या सरांचं येतं."

मी पाहिलं. जयदेवला जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीपुढे जयदेव म्हात्रे. गिट बसवताना त्याने सर्व्हरवर स्वतःचं नाव घातलं होतं, ते तसंच राहिलं होतं.

"बदलता येत नाही का?"

"येतं की, एका ओळीचं काम आहे. पुष्करसरांना विचारलं. ते म्हणाले, राहू दे, तेच बरं आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. "काय करू काका?"

शेवटची नोंद त्याच सकाळची होती.

"सर म्हणतायत तर राहू दे," मी म्हणालो आणि लॅबमध्ये परत आलो.