भोंग्याचं पाचारण

त्याला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्याच्याइतका कमी बोलणारा माणूस शोधूनही सापडला नसता. लग्नांना, सभांना, शाळेच्या कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा. जगभरच्या बडबड्यांना आवाज पुरवायचा आणि आपण कोपऱ्यात मिक्सरपुढे गप्प बसायचं. "घरात दोन शब्द बोलायचे तर तुम्हाला आधी चार बटणं फिरवावी लागतात," असं बायको म्हणायची. ती शिलाई करायची, आणि मशीनच्या खडखडाटातही तिचाच आवाज वरचढ असायचा.

चर्चचं काम त्याला धंदा म्हणूनच मिळालं. दर रविवारी माइक लावायचे, उपासना संपली की वायरी गुंडाळायच्या. देवाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. घरात देवाचं नाव निघायचं ते वीज गेल्यावर. म्हातारे पाळक उपदेश करायचे तेव्हा हा कानाला हेडफोन लावून माइक शिट्टी मारतोय का, एवढंच ऐकायचा.

एका रविवारी पाळकसाहेब कॉलरचा माइक काढायला विसरले आणि तसेच मागच्या खोलीत गेले. भोंग्याने हॉलचे स्पीकर बंद केले होते, हेडफोन मात्र कानावरच होता. अशा वेळी आवाज बंद करायचा, हा त्याच्या धंद्यातला साधा धर्म. त्याचा हात बटणाकडे गेलाही. तेवढ्यात पाळकसाहेब प्रार्थना करू लागले. एकेकाचं दुखणंखुपणं ते देवाच्या कानावर घालत होते, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग म्हणाले, "आणि प्रभू, आपला तो साउंडवाला. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. आम्ही कोणी त्याला साधं बस म्हटलं नाही. माझं निम्मं बोलणं त्याला पटत नाही, भुवयांवरून कळतं मला. पण माणूस मला आवडतो. त्याला सांभाळ."

भोंग्याचे कान तापले. चोरून ऐकल्याची लाज वाटत होती, पण आपल्या पाठीमागे कोणी आपल्याबद्दल चांगलं बोलतं हे त्याला अगदीच नवीन होतं. त्याला राहवेना. तो मागच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं.

पाळकसाहेब पोट धरून हसले. "भुवयांचंही ऐकलंस? मग आता काय पटत नाही तेही सांग. बस."

ते बसणं वर्षानुवर्षं चाललं. याने शंका काढायच्या, त्यांनी चहा ओतायचा. कधी उत्तर मिळायचं, कधी पाळकसाहेबच "मलाही ठाऊक नाही रे," म्हणून हात टेकायचे, आणि त्यामुळेच याचा विश्वास बसत गेला. त्याने बाप्तिस्मा घेतला. बायको आधी म्हणाली, "मला त्यात ओढू नका." पुढे सगळी गीतं तिचीच आधी पाठ झाली.

पाळकसाहेबांबरोबर तो आजारी माणसांना भेटायला जाऊ लागला. तिथेही हा गप्प, त्यामुळे आजारीच बोलायचे, मनात साठलेलं सगळं. हळूहळू लोक त्यालाच निरोप धाडू लागले.

"हेच पाचारण, देवाचं बोलावणं," पाळकसाहेब म्हणाले. "तुला काय, ढगातून आवाज यायला हवा होता?"

"आला असता तर आधी शिट्टी मारतोय का बघितलं असतं," भोंगा म्हणाला.

पण गोष्ट त्याच्या मनाने घेतली. त्याने धर्मशिक्षणाचा अभ्यास पुरा केला. पाळकसाहेब निवृत्त व्हायला आले तेव्हा मंडळीने त्यांच्या जागी याला घ्यायचं की नाही, हा प्रश्न कमिटीपुढे आला. कमिटीच्या प्रमुख होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. "माणूस भला आहे," त्या म्हणाल्या, "पण पाळकाला बोलता यायला नको का?" एक उपदेश करू द्यायचा आणि मग ठरवायचं, असं झालं. हे काम आपल्याला मिळावं असं त्याला फार वाटत होतं. इतकं मनापासून त्याने आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

उपदेशाचा विषय होता क्षमा. व्यासपीठावर उभं राहताच त्याची बोबडी वळली. दोन वाक्यं झाली आणि तिसरं काही केल्या जुळेना. बायकोने डोळे मिटून घेतले. सवयीप्रमाणे त्याची नजर मागे गेली, आवाज कुठे पोहोचत नाही ते बघायला. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान बसले होते. त्यांचे कान कधीच गेले होते. दर रविवारी ते येऊन गोड हसत बसायचे, भिंतीकडे बघून. आजही तसेच बसले होते.

भोंगा खाली उतरला. पळाला बिचारा, असंच सगळ्यांना वाटलं. तो थेट मागे गेला, खुर्ची ओढून त्या आजोबांसमोर बसला आणि राहिलेला उपदेश त्यांच्याकडे बघत, एकेक शब्द ओठांवर नीट घडवत, त्यांनाच सांगितला. बाकीच्यांना माना वळवून ऐकावं लागलं. आजोबांचं हसू मावळलं. कपाळाला आठ्या पडल्या.

संध्याकाळी कमिटी बसली. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसला.

"उपदेश काही फारसा जमला नाही," त्या म्हणाल्या. "निम्म्या लोकांना तुमची पाठच दिसली."

भोंग्याने मान खाली घातली. संपलं, असं त्याच्या मनाने घेतलं.

"पण घरी जाताना आमचे हे मला म्हणाले, 'क्षमा केली म्हणून विसरायचं कशाला? हे काही मला पटलं नाही.' पार दारापर्यंत भांडले माझ्याशी." बाईंनी पुन्हा चष्मा काढून पुसला. "किती वर्षांनी भांडले हो! माझं मत तुम्हाला. आणि पुढच्या रविवारचा विषय आत्ताच सांगा, त्यांना तयारीनं यायचंय."