काकूंची चाल

शांताकाकू रस्त्यात सारख्या थांबायच्या. कधी चपलेचा अंगठा नीट करायला, कधी कुणाच्या कुंडीतलं फूल बघायला, कधी भिंतीवरची जाहिरात न्याहाळायला. पुढे गेलेले काका मागे न वळताच ओरडायचे, "ये की! जत्रा बघायला निघाली काय?" काका पोस्टमन, पायाला भिंगरी. नाशिकच्या आमच्या वसाहतीत हे जोडपं सगळ्यांना असंच माहीत होतं. काका पुढे, काकू चार हात मागे. नवऱ्याच्या पुढे चालायचं नाही, हे त्या सायखेड्याहून येतानाच सोबत घेऊन आल्या होत्या.

तिथं त्यांचं अर्धं आयुष्य चुलीचा धूर गिळण्यात गेलं होतं. आता चार पावलं टाकली की छातीचा भाता व्हायचा. पण सांगतील तर शपथ. "लाज वाटती बाई," एकदा माझ्यापाशी बोलल्या. "लोकं म्हनतील, कामाचा कट्टाळा म्हनून सोंग करती." मी तेव्हा दवाखान्यात नर्स होते. शेवटी मीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. काकाही आले, अर्थातच पुढे.

डॉक्टरांनी चालण्याची चाचणी सांगितली. लांब व्हरांड्यात बारा मिनिटं येरझारा घालायच्या, दम लागला की थांबायचं, पुन्हा चालायचं. किती चालणं होतं त्यावरून उपचार ठरणार होते. मी घड्याळ धरलं, तर काका उठून काकूंच्या पुढे उभे!

"काका, तुम्ही बसा."

"तिला रस्ता दाखवायला नको?"

सरळसोट व्हरांड्यात कसला डोंबलाचा रस्ता! पण काका निघालेसुद्धा, आणि पदर सावरत काकू त्यांच्या मागे. एकदाही थांबल्या नाहीत. थोड्याच वेळात ओठ निळे पडले आणि त्या खांब धरून खाली बसल्या.

डॉक्टर धावत आले. "मावशी, तुमच्या चालीनं चालायचं होतं."

"माझी येगळी चाल कुठं हाय?" काकू धापा टाकत म्हणाल्या. "मी यांच्या मागं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी झाली. या वेळी डॉक्टरांनी काकांना बाकावरच बसवलं. काकू एकट्या चालू लागल्या. जरा गेल्या आणि थांबल्या. बाकांवरचे सगळे पेशंट बघत होते. काकू शरमेनं लाल झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून कुटुंबनियोजनाची पाटी वाचू लागल्या.

काकूंना अक्षरओळख नव्हती.

काका बघत होते. काकू पुन्हा चालल्या, पुन्हा थांबल्या, चपलेचा अंगठा चाचपू लागल्या. काकांची मान खाली गेली. "रोज हेच करायची गं," ते मला म्हणाले. "मी जत्रा म्हनायचो. लय लाज वाटती मला." काकू परत आल्या तेव्हा काकांना वर बघवेना.

"थांबले म्हनून नापास का?" काकूंनी मला हळूच विचारलं.

औषधांनी थोडा फरक पडला. खरा फरक काकांमध्ये पडला. ते मागून चालायला लागले. काकू ओशाळून म्हणायच्या, "पुढं व्हा की, लोकं हसत्यात." काकू थांबल्या की काकाही थांबायचे आणि आपल्या धडधाकट चपलेचा अंगठा नीट करत बसायचे.

दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात काकू गेल्या. वसाहतीतली पोरं खांदा देऊन झपाझप निघाली. सगळ्यात मागे काका होते. कोपऱ्यावर त्यांचा आवाज आला.

"हळू चाला रे. तिला दम लागतो."